चिकन-राइस बाऊल: पाऊण तासात पोटभर जेवण

दिवसभराचं काम उरकून स्वयंपाकघरात शिरलं की तीन-चार पदार्थ करण्याचं त्राण उरत नाही, आणि भूक मात्र सपाटून लागलेली असते. अशा रात्रींसाठी चिकन-राइस बाऊलसारखं दुसरं जेवण मला माहीत नाही. खाली मोकळा गरम भात, त्यावर खरपूस भाजलेलं चिकन, शेजारी दोन-तीन भाज्या आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा खारट-गोड-आंबट सॉस. एक पातेलं, एक पॅन, एक सुरी, आणि पाऊण तास. त्यातलाही प्रत्यक्ष गॅससमोर उभं राहायचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांचाच.

करायला अवघड असं यात काही नाही. तरीही बरेचदा भात होऊन गार पडतो आणि चिकन अजून पॅनमध्येच असतं, किंवा चिकन तयार होतं आणि तेव्हा लक्षात येतं की भाज्या चिरायच्याच राहिल्यात. घोळ होतो तो कामांच्या क्रमात. म्हणून इथे काय घालायचं याइतकंच काय कधी करायचं यावर भर दिला आहे. क्रम हातात बसला की पुढे सॉस बदला, भाज्या बदला, जेवण वेळेवर आणि गरमच ताटात येतं.

साहित्य (चार जणांसाठी)

कप २४० मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा चमचा ५ मिलीचा धरला आहे.

भातासाठी: लांब दाण्याचा पांढरा तांदूळ दीड कप, पाणी २ ते सव्वादोन कप, मीठ अर्धा छोटा चमचा, तेल १ छोटा चमचा.

चिकनसाठी: बोनलेस चिकन थाय ६०० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, ताजी मिरपूड अर्धा छोटा चमचा, तेल दीड मोठा चमचा.

सॉससाठी: सोया सॉस ३ मोठे चमचे, मध दीड मोठा चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, पाणी अर्धा कप, कॉर्नफ्लोअर १ छोटा चमचा, लसणाच्या ४-५ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, चिली फ्लेक्स आपापल्या झेपेल तेवढे.

वरून घालायला: १ काकडी, १ गाजर, १ मध्यम कांदा, फ्रोजन मटार अर्धा कप, पातीच्या कांद्याच्या दोन काड्या, भाजलेले तीळ, लिंबाच्या फोडी. कांदा मुरवायला २ मोठे चमचे व्हिनेगर आणि चिमूटभर साखर-मीठ वेगळं.

थाय की ब्रेस्ट?

माझं मत स्पष्ट आहे: धावपळीच्या रात्री थायच घ्यावा. मांडीच्या मांसात चरबी जास्त असते आणि स्नायूंना जोडणारे कोलॅजनचे धागेही जास्त असतात. उष्णतेने हे धागे हळूहळू विरघळतात आणि मांस मऊ, रसदार राहतं. म्हणजे मध्ये फोन आला, मुलांनी हाक मारली आणि दोन-तीन मिनिटं जास्त झाली तरी काही बिघडत नाही. ब्रेस्टचं तसं नाही. त्यात चरबी फारच कमी, त्यामुळे शिजण्याची वेळ जरा टळली की ते कोरडं आणि चिवट लागतं.

ब्रेस्टच आवडत असेल किंवा तेच मिळालं असेल, तर प्रत्येक तुकडा आडवा कापून साधारण दीड सेंटीमीटर जाडीचे दोन पातळ काप करा. जाडी सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं, कारण ब्रेस्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असतं. जाड भाग शिजेपर्यंत निमुळता भाग वाळून जातो.

मुद्दाम सांगायची गोष्ट म्हणजे चिकनचे छोटे तुकडे आधी करू नका. बहुतेक जण आधी तुकडे करून परततात. मी अख्खे थाय पसरून भाजते आणि नंतर कापते. छोट्या तुकड्यांना पाणी पटकन सुटतं, ते सगळे एकावर एक येतात, आणि भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतात. अख्खा तुकडा एका बाजूने निवांत तांबूस होतो, उलटायचा एकदाच, आणि आतला रस आतच राहतो. कच्च्या, घसरणाऱ्या चिकनचे तुकडे करायचा वेळही वाचतो.

आदल्या रात्री किंवा सकाळी

चिकन फ्रीझरमध्ये असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रिजमध्ये ठेवा, एखाद्या खोलगट भांड्यात, म्हणजे सुटलेलं पाणी इतर पदार्थांवर सांडणार नाही. विसरलात तर नीट बंद केलेल्या पिशवीत ठेवून ती पिशवी गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलो चिकन साधारण तासाभरात सुटतं, आणि अशा प्रकारे सोडवलेलं चिकन लगेच शिजवायचं, परत ठेवायचं नाही. ओट्यावर तसंच उघडं ठेवून सोडवू नका. बाहेरचा भाग कोमट होऊन जंतू वाढायला लागतात आणि आतला भाग तोवर बर्फच असतो.

सकाळी निघताना एक मिनिट हाताशी असेल तर चिकनला तेवढं मीठ चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवून द्या. मिठाने आधी पाणी बाहेर येतं, मग त्या पाण्यात विरघळलेलं मीठ हळूहळू मांसात शिरतं. संध्याकाळपर्यंत चिकन आतपर्यंत चवीला लागतं आणि शिजताना पाणीही कमी सोडतं. या एका मिनिटाएवढा फरक दुसऱ्या कोणत्याही तयारीने पडत नाही. नाही जमलं तर भाजण्याच्या अगदी आधी मीठ लावा, तेही चालतं.

घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं

सगळ्यात आधी तांदूळ. तीन-चार पाण्यांनी धुवा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघतं, ते दाण्यांना चिकटलेलं स्टार्च असतं, आणि तेच भात चिकट करतं. पाणी बऱ्यापैकी निवळलं की पुरे. आता तांदूळ स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. भिजलेला दाणा आतपर्यंत ओला होतो, त्यामुळे शिजताना बाहेरून फुटत नाही आणि आत कणीदार राहत नाही.

तांदूळ भिजतोय तोवर कांदा. त्याचे जमतील तितके पातळ उभे काप करा, त्यावर २ मोठे चमचे व्हिनेगर, चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर घालून हाताने चुरडा आणि बाजूला ठेवा. जेवायला बसेपर्यंत त्याचा उग्रपणा जाऊन तो कुरकुरीत-आंबट होतो. कांदा लाल असेल तर रंगही सुरेख गुलाबी येतो. मग काकडीच्या चकत्या, गाजराच्या बारीक काड्या किंवा किसणीवर जाडसर कीस, पातीचा कांदा बारीक. आलं-लसूण बारीक चिरून एका वाटीत.

चिकन अजून फ्रिजमधून काढलेलं नाही हे लक्षात घ्या. कच्च्या खायच्या भाज्या आधी आणि चिकन सगळ्यात शेवटी, या क्रमाने एकच पाट आणि एकच सुरी पुरते, मध्ये धुवत बसावं लागत नाही. उलट क्रमाने गेलात तर कच्च्या चिकनवरचे जंतू थेट काकडीवर जातात, आणि काकडी तर आपण शिजवणार नाही.

सॉसही आत्ताच कालवून ठेवा. वाटीत आधी कॉर्नफ्लोअर घ्या, त्यात दोन चमचे गार पाणी घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी, सोया सॉस, मध, व्हिनेगर आणि चिली फ्लेक्स. कोरडं कॉर्नफ्लोअर थेट गरम पॅनमध्ये पडलं तर त्याच्या गुठळ्या होतात आणि मग त्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. सोया सॉस साधा, पातळ प्रकारचा घ्या. डार्क सोया सॉस रंगाला गडद आणि चवीला वेगळा असतो, त्याने हे प्रमाण बिघडेल.

आता चिकन बाहेर काढा. ते नळाखाली धुवायची सवय अनेकांना आहे, पण धुतल्याने जंतू मरत नाहीत. उडालेल्या पाण्याच्या थेंबांबरोबर ते सिंक, ओटा, शेजारची भांडी सगळीकडे पसरतात, हाच धोका जास्त. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कच्च्या चिकनवर असू शकतात आणि ते मरतात ते नीट शिजवल्यानेच. त्यामुळे धुण्याऐवजी किचन पेपरने दोन्ही बाजूंनी दाबून टिपून घ्या आणि पेपर लगेच कचऱ्यात टाका. जिथे मांस जाड आहे तिथे सुरीने हलकी चीर देऊन तुकडा सपाट पसरवा. सकाळी मीठ लावलं नसेल तर आता लावा, मिरपूड भुरभुरवा, मग साबणाने वीस सेकंद हात धुवा.

टिपून घ्यायचं काम उरकून टाकू नका. चिकनला तांबूस रंग आणि भाजल्याची चव येते ती पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर. पाणी मात्र १०० अंशांवर उकळतं. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान त्याच्यावर जातच नाही, पॅनची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओलं चिकन पॅनमध्ये पांढरट, उकडल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

भात चढवा

जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट बसणारं झाकण घ्या. पाण्यात मीठ आणि तेल घालून उकळी आणा. तांदूळ पूर्ण निथळून त्यात घाला, एकदाच हलकं ढवळा. पुन्हा उकळी फुटली की आच अगदी मंद करा, झाकण लावा आणि घड्याळ बघा: १२ मिनिटं. मधे ढवळू नका, ढवळल्याने दाणे मोडतात आणि स्टार्च सुटून भात चिकट होतो. दहाव्या मिनिटाला झाकण पटकन उचलून वर मटार पसरा आणि लगेच परत झाका. बारा मिनिटांनी गॅस बंद. झाकण तसंच ठेवून आणखी १० मिनिटं मुरू द्या.

या शेवटच्या दहा मिनिटांना हात लावू नये. गॅस बंद करताना तळचा भात ओलसर आणि वरचा जरा कोरडा असतो. झाकणाखाली कोंडलेली वाफ हा फरक भरून काढते आणि शीत घट्ट होतं. मगच काट्याने, कडेकडून वर घेत, भात मोकळा करा. लगेच उघडून पळीने ढवळलं तर चांगला शिजलेला भातही गिचगिचीत होतो.

पाण्याच्या प्रमाणाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण चारऐवजी आठ जणांचा भात करताना नेमका इथेच फसगत होते. तांदूळ ढोबळमानाने स्वतःच्या मापाएवढं पाणी शोषतो. त्यावर आपण जे जास्तीचं पाणी घालतो ते वाफेवाटे जाणाऱ्या पाण्याची भरपाई असते. ही वाफ किती जाणार हे पातेलं किती रुंद, झाकण किती घट्ट आणि वेळ किती यावर ठरतं, तांदूळ किती यावर नाही. म्हणून दीड कप तांदळाला सव्वादोन कप पाणी लागलं म्हणून तीन कपांना साडेचार कप लागेल असं नाही. साडेतीन-पावणेचार कपांत काम होतं. तांदूळ भिजवलेला असेल तर त्याने आधीच थोडं पाणी पिलेलं असतं, म्हणून दीड कपाला २ कपांच्या आसपास ठेवा. न भिजवता चढवणार असाल तर सव्वादोन. आपल्या पातेल्याचा अंदाज दोन-तीन वेळा केल्यावर आपोआप येतो.

बासमती असेल तर शितं सुटी राहतात, जास्मिन जरा एकमेकांना धरून असतो, आखूड दाण्याचा तांदूळ चांगलाच चिकट होतो. बाऊलमध्ये मला जास्मिन सगळ्यात आवडतो, सॉस त्याला छान लपेटतो. ब्राऊन राइसला मात्र दुप्पट पाणी आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, तेव्हा तो सुट्टीच्या दिवशीचा भात समजा. राइस कुकर असेल तर त्याच्या मापाने लावून मोकळे व्हा.

चिकन: हात लावू नका

भात मंद आचेवर जाऊन सहा-सात मिनिटं झाली की पॅन तापत ठेवा. रुंद, जाड बुडाचा पॅन हवा. लोखंडी किंवा स्टीलचा असेल तर उत्तम, कारण त्याच्या तळाला चिकनचा जो तांबूस अंश धरतो त्यातूनच पुढे सॉसला चव येते. नॉनस्टिक असेल तर तोही चालेल, फक्त तो रिकामा फार तापवू नका.

मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर पॅन तापला की तेल घाला. तेल पातळ होऊन झुळझुळ पसरलं की चिकनचा एक तुकडा आपल्यापासून दूरच्या बाजूला सोडा, म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. खणखणीत चरचर आली पाहिजे. आली नाही तर बाकीचे तुकडे थांबवा, पॅन अजून तापलेला नाही. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. पॅन लहान असेल तर दोन वेळा करा. सगळं एकदम कोंबलं तर पॅनचं तापमान धाडकन उतरतं, पाणी सुटतं आणि मघाशी टिपून घेण्याची मेहनत वाया जाते.

चिकन आता पाच-सहा मिनिटं जागचं हलवायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत ते पॅनला घट्ट चिकटलेलं वाटतं आणि उलथन्याने खरवडून काढायचा मोह होतो. तो टाळा. तेव्हा ओढलंत तर वरचा पापुद्रा पॅनलाच राहतो. आवाज ऐका. सुरुवातीची ओली, फसफसणारी चरचर हळूहळू कोरडी आणि बारीक होत जाते. कडा पांढऱ्या होऊन तो पांढरेपणा वरच्या दिशेने चढायला लागतो. मांसाखालून भाजल्याचा खमंग वास येतो. अशा वेळी उलथनं खाली सरकवून बघा, खरपूस कवच धरलेलं चिकन स्वतःहून सुटतं. अजून ओढत असेल तर आणखी एक मिनिट द्या.

गडद सोनेरी-तांबूस बाजू वर आली की आच मध्यम करा आणि दुसरी बाजू चार-पाच मिनिटं भाजा. दोन बाजूंना सारखाच रंग यायला हवा असं नाही, एक बाजू उत्तम झाली की पुरते. पातळ कापलेल्या ब्रेस्टला पहिली बाजू चार आणि दुसरी दोन-तीन मिनिटं पुरतात.

शिजलं की नाही याचा खरा निकाल तापमानाचा: सगळ्यात जाड भागाच्या मध्यात ७४ अंश सेल्सियस. थाय ८० अंशांपर्यंत गेला तर उलट जास्त मऊ लागतो. नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून चिकन नेहमी करत असाल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्याच. तो हाताशी नसेल तर जाड भाग कापून बघा: मांस पूर्ण अपारदर्शक हवं, कुठेही लिबलिबीत गुलाबी भाग नको, आणि रस स्वच्छ हवा. शंका असेल तर दोन मिनिटं जास्त.

शिजलेलं चिकन स्वच्छ ताटलीत काढा. कच्चं ज्यात होतं त्या ताटलीत नाही. पाच मिनिटं तसंच राहू द्या. लगेच कापलं तर रस पाटावर वाहून जातो.

त्याच पॅनमध्ये सॉस

पॅन धुवू नका. तळाला जे तांबूस चिकटलंय ते करपलेलं काळं नसेल तर सगळी चव त्यातच आहे. तेल जास्त दिसत असेल तर चमचाभर ठेवून बाकीचं काढून टाका. आच मंद करून आलं-लसूण घाला आणि अर्धा मिनिट परता. पॅन अजून भरपूर तापलेला असतो आणि बारीक लसूण बघता बघता जळून कडू होतो, म्हणून मिश्रणाची वाटी हातात तयार ठेवा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असेल, वाटी ढवळून मगच ओता.

मिश्रण पडताच भसकन वाफ येईल. लाकडी उलथन्याने पॅनचा तळ खरवडत राहा, चिकटलेलं सगळं सुटून सॉसमध्ये मिसळतं. आच मध्यम करा. सॉसला खळखळून उकळी आली पाहिजे, कॉर्नफ्लोअरचा कच्चा पिठूळपणा जातो आणि सॉस दाट होतो तो त्यानंतरच. एक-दोन मिनिटांत सॉस चकचकीत दिसायला लागतो. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की झालं.

मध चिकनला आधी लावून का भाजत नाही, असं कुणी विचारेल. साखर असलेलं कुठलंही मुरवण गरम पॅनमध्ये चिकन शिजण्याआधीच करपतं. बाहेरून काळं, आतून कच्चं. गोड भाग शेवटी आला की तो नुसता चमक आणि चव देतो.

आता धुतलेल्या पाटावर, धुतलेल्या सुरीने चिकन बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापा, मांसाच्या धाग्यांना आडवी सुरी चालवून. धागे आखूड झाले की घास मऊ लागतो. पट्ट्या सॉसमध्ये टाका, आणि ताटलीत जमलेला रसही त्यातच ओता, तो सिंकमध्ये जाऊ देऊ नका. मिनिटभर घोळवून पुन्हा उकळी येऊ द्या आणि गॅस बंद करा.

चव बघताना सॉस नुसता चाटला तर जरा जास्तच तिखट-खारट वाटला पाहिजे. तो अळणी-सौम्य भाताबरोबर खाल्ला जाणार आहे. फारच खारट झाला तर पाणी आणि थोडा मध घाला. बोथट वाटला तर लिंबू पिळा. मीठ वाढवण्याआधी नेहमी लिंबू घालून बघा, पुष्कळदा कमी असतो तो आंबटपणाच. पातळ राहिला तर दोन मिनिटं आणखी आटवा, आणि खूप दाट झाला तर चमचा-चमचा गरम पाणी.

बाऊल लावणे

खोलगट पण रुंद बाऊल घ्या. तळाला कप-सव्वा कप भात, एका बाजूला चिकन, दुसऱ्या बाजूला काकडी, गाजर आणि मुरलेला कांदा. कांदा पिळून घ्या, नाहीतर व्हिनेगर भातात उतरतं. पॅनमधला उरलेला सॉस चिकनवर आणि थोडा भाताच्या कडेने सोडा. सगळा भात सॉसमध्ये भिजवू नका, मधे मधे कोरा भात लागला तरच सॉसची चव कळते. वरून पातीचा कांदा, तीळ, लिंबाची फोड.

भाज्यांबाबत एकच धोरण: एक कुरकुरीत, एक आंबट, एक हिरवी. काकडीऐवजी कोबी बारीक चिरून, मटारऐवजी दोन-तीन मिनिटं उकळून काढलेली ब्रोकोली किंवा फरसबी, जे घरात असेल ते. लहान मुलांसाठी चिली फ्लेक्स सॉसमध्ये न घालता मोठ्यांच्या बाऊलवर वरून भुरभुरवा.

सॉस बदलून बघायचा असेल तर

क्रम हाच, पॅन हाच, फक्त वाटीतलं मिश्रण वेगळं. लिंबू-लसणाचा सॉस हवा असेल तर लसूण परतल्यावर अर्धा कप चिकन स्टॉक किंवा पाणी घालून निम्मं आटवा, गॅस बंद करून २ मोठे चमचे लोणी आणि एका लिंबाचा रस फेटून घाला, भरपूर मिरपूड आणि चवीपुरतं मीठ. लोणी गॅस बंद केल्यावरच घालायचं, उकळलं तर फाटून तेल वेगळं होतं. शेंगदाण्याचा सॉस आवडत असेल तर ३ मोठे चमचे पीनट बटर, २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा मध, १ मोठा चमचा लिंबाचा रस आणि अर्धा कप गरम पाणी एकत्र घोटा. याला कॉर्नफ्लोअर लागत नाही, आणि तो गार होताना आणखी दाटतो, म्हणून जरा पातळच ठेवा. उन्हाळ्यात घट्ट दही, किसलेला लसूण, मीठ आणि लिंबू एवढ्याचाही उत्तम गार सॉस होतो. तेव्हा तो चिकनवर वरून घाला, गरम पॅनमध्ये नाही.

उरलं तर

भात उरला तर तो पातेल्यात तसाच ओट्यावर ठेवू नका. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे जेवायला बसण्याआधीच जास्तीचा भात पसरट डब्यात पातळ थरात काढा, वाफ निघाली की झाकण लावून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाका. चिकन सॉससकट वेगळ्या डब्यात तीन दिवस चांगलं राहतं. भाज्या तिसऱ्या डब्यात, कोरड्या.

फ्रिजमधला भात कडक होतो, तो स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट होतो म्हणून. खायला लागेल तेवढाच भात काढा, कपभर भातावर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवून मंद आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये आतपर्यंत वाफाळेपर्यंत गरम करा, की शितं परत मऊ होतात. चिकन वेगळं गरम करा, सॉस आळला असेल तर दोन चमचे पाणी घालून एक उकळी आणा. दोन्ही एकदाच गरम करायचं, पुन्हा पुन्हा नाही. दुपारच्या डब्यात नेणार असाल तर भात-चिकन फ्रिजमधून थेट डब्यात भरा, जाईपर्यंत बर्फाच्या पिशवीबरोबर गार ठेवा आणि तिथे पोचल्यावर गरम करा. काकडी आणि कांदा मात्र छोट्या डबीत वेगळे न्या आणि खाताना वर घाला.